गुरुवारचं मशीन

"पायाळू हाय माझी नात," लिलाबाईनं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "डोक्यानं न्हाई आली. पाय म्होरं टाकून आली, ऐटीत!"

खाटेवर तिची सून राणी डोळे मिटून पडली होती. बाळंतपण डोंगरावर कातकरवाडीत झालं होतं, लिलाबाईच्याच हातांवर. ॲम्ब्युलन्स पायथ्याशी येऊन हॉर्न वाजवत बसली, तोवर पोर जगात येऊन, रडून, झोपलीसुद्धा होती. मग मायलेकींना डोलीत घालून खाली आणलं आणि पौडच्या पुढच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं.

दवाखान्यात वरकामाला असलेला नथू शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आला होता, तो तिथंच थांबला. "मी बी पायाळूच की," तो म्हणाला.

"ते काय मला ठावं न्हाई? माझी उसण तूच काढलीस न्हवं, शिमग्याच्या आधी? तीन लाथा मारल्यास, आन् चवथ्या दिशी म्या मोळी घिऊन डोंगूर चढले!"

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. नथूही हसला, पण त्याची नजर दुपट्यातल्या त्या इवल्याशा पोरीच्या पायांवर होती. पाय काही दिसत नव्हते. लिलाबाईनं ते सरळ करून, आवळून, फडक्यात घट्ट बांधून टाकले होते.

आता पायाळूचं काय आहे, ते मुळशीत कुणालाही विचारा. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या पायाला गुण असतो. कमरेत उसण भरली, की पालथं पडायचं आणि पायाळूनं पाठीला पाय लावायचा. नथू पाच वर्षांचा होता तेव्हापासून नांदे गावात त्याच्या अंगणात मोठमोठी माणसं पालथी पडत आली होती. शेतं गेली, तिथं बिल्डिंगा आल्या, तरी हा धंदा काही थांबला नाही. मागच्याच वर्षी कॉम्प्युटरवाला एक साहेब त्याला लिफ्टनं आठव्या मजल्यावर घेऊन गेला, गालिच्यावर पालथा पडला, लाथ खाल्ली आणि वर थँक्यू म्हणाला. आता बोला!

आणि हा असा गुणाचा माणूस जन्मापासून लंगडत होता. उजवा पाय दोन बोटं आखूड. शाळेत पोरांनी नाव ठेवलं, लग्नाच्या वेळी तीन मुलींनी नकार दिला, चौथी आली ती बिचारी लवकर वारली. लोक म्हणायचे, पायाळूचा पाय, तो असाच असायचा. नथूही तेच म्हणायचा. दवाखान्यात त्याला चिकटून अठ्ठावीस वर्षं झाली होती. झाडू, स्ट्रेचर, डबे, निरोप, सगळं केलं त्यानं, आणि पायाबद्दल कधी कुणाला चकार शब्द विचारला नाही.

मग काही महिन्यांपूर्वी डॉक्टर क्षितिजा आली. पुण्याची, तिशीतली, सोनोग्राफीची डॉक्टर. दर गुरुवारी यायची आणि इतर कामं आटोपली, की तान्ह्या बाळांचे खुबे तपासायची. नथूला आधी ते भलतंच वाटलं. पोटातलं बाळ बघायचं मशीन. बाहेर आलेल्या बाळाचं त्यानं काय बघायचं?

तिनं त्याला समजावून सांगितलं. खुबा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात बसलेला गोळा. काही बाळांची वाटी उथळ राहते, गोळा निसटतो. तान्हेपणी ते सगळं कूर्चेचं, मऊ हाडाचं, एक्सरेत दिसत नाही, मशीनवर दिसतं. मुलींमध्ये जास्त. पायाकडून जन्मलेल्यांमध्ये तर फारच जास्त.

"पायाळूंमधी?" नथूनं विचारलं.

क्षितिजानं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या पायाकडे नीट पाहिलं. दुसऱ्या गुरुवारी त्याचा एक्सरे काढून घेतला. गोळा वाटीत नव्हताच. वर हाडाला टेकून छपन्न वर्षं तिथंच मुक्काम करून बसला होता.

"लहानपणी सापडलं असतं तर, मॅडम?"

"दीड महिन्याचे असताना सापडलं असतं, तर पट्टे बांधले असते. साधे कापडी पट्टे, पाय फाकवून ठेवणारे. तीन महिने."

"मंग?"

"मग काही नाही, मामा. पळाला असतात."

नथू बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागं बसला आणि ढसाढसा रडला. तीन महिन्यांच्या पट्ट्यांपायी अख्खा जन्म! आईचा राग आला, सुईणीचा आला, आणि दोघी मरून कैक वर्षं झाली होती म्हणून तो राग तसाच आत राहिला.

त्या दिवसापासून गुरुवार नथूचा झाला. बाळाला कुशीवर झोपवून अजिबात हलू न देता धरावं लागतं, नाहीतर चित्र चुकतं. क्षितिजानं दोन नर्सबायांना धरायला लावून पाहिलं, बाळं किंचाळायची. नथूनं सुताराकडून बाळाच्या मापाची लाकडी पेटी करून घेतली, आत गोधडीच्या वळकट्या ठेवल्या, जेलची बाटली गरम पाण्यात बुडवून कोमट करायला लागला, आणि त्याच्या हाताखाली बाळं अशी गप्प व्हायची, की क्षितिजा एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "मामांचे हात नसते तर मला हे जमलंच नसतं." अठ्ठावीस वर्षांत त्याच्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. त्या आठवड्यात नथूनं ते वाक्य भुकूमपासून पौडपर्यंत भेटेल त्याला ऐकवलं.

लिलाबाईच्या नातीला क्षितिजानं वॉर्डात येऊन हातानं तपासलं. दुपटं सोडलं, पाय दुमडून बाजूला उघडून पाहिले. "हाताला तरी काही लागत नाही. पण पायाळू आहे, हातावर भरवसा नको. दीड महिन्यानं मशीनवर बघायचंच. आणि आजी, पाय असे सरळ बांधू नका हं."

"आमी समद्यांचं बांधतो," लिलाबाई म्हणाली.

क्षितिजा गेल्यावर राणीनं नथूला हळूच विचारलं, "मामा, खरंच आणू का हिला?"

"आण. ह्ये बघ, मी स्वतः धरीन. तुझी पोर पळंल, राणी. मी सांगतो ना."

राणी फारशी बोलणारी नव्हती. पण तिनं तारीख मनात धरली, आणि घरी जाताना ती दोनदा म्हणून दाखवली.

आता जी गोष्ट सांगायची, ती नथूनं कुणाला सांगितली नव्हती.

मशीनची खोली पहिल्या मजल्यावर होती. बावीस पायऱ्या. बाया खाली बसायच्या, नाव पुकारलं की नथूनं बाळ घेऊन वर जायचं, आई मागून चढायची, झालं की बाळ खाली आणायचं. एका गुरुवारी पंधरा-सोळा बाळं. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला मांडी घालता यायची नाही, मोरीत बसता यायचं नाही. दुखणं वाढत चाललं होतं. त्यानं ते दडवलं, कारण बोललं की काय होणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं: ट्रस्टचे दादासाहेब त्याला उचलून फाटकावर बसवणार आणि गुरुवारी दुसराच कुणी बाळं धरणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती त्याला फाटकावर काढायची नव्हती.

मशीन तसं लहान, पेटीएवढं. लॅबमधला रोहित एका हातानं उचलायचा. नथूनं क्षितिजापाशी विषय काढला.

"मॅडम, गुरुवारपुरतं मशीन खाली घ्यायचं का? इंजेक्शनच्या खोलीत?"

"तुम्हाला जिने त्रास देतात का, मामा? तसं असेल तर सांगा, आपण चढउतारीला दुसरा माणूस देऊ."

"माझं न्हाई ओ! माझा काय, सवयीचा पाय हाय. टाके पडलेल्या बाया हायेत, जिना चढताना कळवळत्यात. त्यांच्यासाठनं म्हणतोय."

ती विचारात पडली. खोली बदलायची तर आधी कळवावं लागतं, म्हणाली. पोटातली मुलगी आहे का मुलगा ते बघून मुली मारणारी माणसं निघाली, म्हणून या मशीनला सरकारनं कडक कायदा लावला, आणि बरोबरच लावला. कुठलं मशीन कुठल्या खोलीत, कोण चालवणार, सगळं नोंदलेलं. इथल्या कागदावर लिहिलं होतं: पहिला मजला, खोली चार.

"कळवू की," नथू म्हणाला. "तवर बायांनी कशाला मरायचं?"

क्षितिजानं पत्र लिहिलं. दादासाहेबांची सही हवी होती, आणि दादासाहेब गणपतीच्या गडबडीत. पत्र टेबलावर राहिलं, मशीन खाली आलं. बाया खूश झाल्या. त्यांचे टाके काही खोटे नव्हते. एकीनं तर नथूच्या पायाला हात लावला. नथूला तेव्हा जरा कसंसंच झालं, पण संध्याकाळी मांडी घालून बसता आलं आणि तो ते विसरला.

चार गुरुवार असे गेले. पाचव्या गुरुवारी जिल्ह्याचं तपासणीचं पथक आलं. नेहमीची तपासणी, कुणी चहाडी केली नव्हती की काही नाही. दोन बाया, एक साहेब. ते वर गेले, खोली चार रिकामी. खाली आले, तर इंजेक्शनच्या खोलीत पडदा ओढून मशीन चालू. कायद्यात जे लिहिलंय ते त्यांनी केलं. पंचनामा झाला, मशीनला कापड गुंडाळून लाखेचं सील बसलं, क्षितिजाच्या नावानं नोटीस निघाली.

"का हलवलं?" त्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"बाळंतिणींची सोय म्हणून," नथूनं सांगितलं, आणि खाली सही केली.

जाताना क्षितिजाचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मामा. तुमचा हेतू चांगलाच होता." यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्यामागं पुढं सहा महिने चौकशी लागली. ती पुन्हा मुळशीत आली नाही.

राणीची तारीख त्याच्या पुढच्याच गुरुवारी होती.

नथूनं क्षितिजाला फोन केला. एवढ्या कटकटीतसुद्धा ती म्हणाली, "पुण्याला आणा तिला. मी तपासून घेते, एक पैसा लागणार नाही. पण उशीर नको." शनिवारी नथू रजा टाकून डोंगर चढला. धड माणसाला तासाभराची वाट. त्याला तीन तास लागले. परतीच्या पावसाचे दिवस, आभाळ दुपारपासून गुरगुरत होतं.

त्याच्या आधी बातमी वर पोचली होती.

"पोरी मारायचं मशीन होतं म्हनं ते," लिलाबाई दारातूनच म्हणाली. "सरकारनं टाळं ठोकलं. आन् तू माझी नात त्याच्याखाली घालनार हुतास?"

"तसं काय न्हाई, लिलाबाई. आपलं मशीन चोख हुतं. पुण्याला दुसरं हाय, मॅडम स्वतः बघणार हायेत. जीप मी आणतो. उद्याच जाऊ."

"सव्वा महिना व्हायचा हाय अजून. आन् वर बघ की जरा! पायाळूवर ईज पडती, तुला कुनी शिकवावं का? आसल्या आभाळात पायाळू लेकरू भाईर काढू?"

आत राणी पोरीला पाजत होती. शेजारी तिचा नवरा मंगळ्या पावसात भिजलेली काठी तासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. तो दिवसभर खालच्या फार्महाऊसवर गवत कापायचा आणि घरात आईच्या शब्दाबाहेर नसायचा.

राणीनं विचारलं, "मामा, मशीन बंद कशापायी केलं?"

बस्स, एवढंच विचारलं तिनं. सरळ त्याच्याकडे बघत.

नथूनं तोंड उघडलं. खरं काय ते दोन वाक्यांचं होतं. माझा पाय दुखतो म्हणून मी मशीन खाली आणवलं, खोली बदलली म्हणून सील लागलं. यात पोरी मारायचं कुठं काही नव्हतं. पण मंगळ्या ऐकत होता, लिलाबाई ऐकत होती, दाराशी वाडीतल्या चार बाया येऊन उभ्या होत्या. उद्या ते खाली जाणार, दादासाहेबांच्या कानावर पडणार. आणि क्षितिजाच्या.

"सरकारी काम हाय," तो म्हणाला. "कागदाची भानगड झाली काय तरी."

"कागदाची म्हंजी पोरींचीच," लिलाबाई म्हणाली. "आमी अडानी आसू, खुळं न्हाई."

"आगं पर पोरीचा खुबा..."

"तुझा कुनी बघितला व्हता? तू बी पायाळूच न्हवं? जगलास की! नोकरी केलीस, चार मान्सांत मान हाय तुला. आजून डोंगूर चढून येतुयास. काय वाईट झालं तुझं?"

काय वाईट झालं ते नथू सांगायला बसला असता तर रात्र पुरली नसती, आणि ऐकून कुणी विश्वास ठेवला नसता. त्यानं राणीकडे पाहिलं. राणीनं पोरीवर पदर ओढून घेतला होता. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

त्यानं चहा घेतला आणि उतरायला लागला. अर्ध्या वाटेवर त्याला वाटलं, मागं फिरावं, राणीला बाजूला घेऊन सगळं सांगावं. तो पाच मिनिटं उभाही राहिला. पाय ठणकत होता, पुन्हा चढण चढायची होती. मग म्हणाला, दिवाळी झाली की बघू.

दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखी सगळी वाडी वीटभट्टीवर गेली. पार सातारच्या बाजूला कुठंतरी. वर घरांना नुसत्या कड्या राहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर माणसं परतली तेव्हा पोर नऊ-दहा महिन्यांची झाली होती. पौडच्या बाजारात मंगळ्या भेटला.

"पोर कशी हाय?"

"झ्याक! सरपटतीया घरभर."

नथूनं ते खरं मानलं, कारण त्याला ते खरं मानायचं होतं. दुसऱ्या वर्षी वाडी पुन्हा भट्टीवर गेली, परत आली. मधल्या काळात दवाखान्यातलं सील निघालं, मशीन वर खोली चारमध्ये गेलं, पण तान्ह्या बाळांचा गुरुवार काही पुन्हा सुरू झाला नाही. नथूची लाकडी पेटी कुणीतरी बॅटऱ्या ठेवायला घेतली. तो निवृत्त झाला, तेव्हा दादासाहेबांनी शाल घातली आणि भाषणात सांगितलं, की या माणसानं बाळंतिणींच्या सोयीसाठी नोकरीची पर्वा केली नाही. टाळ्या पडल्या. नथू खाली मान घालून बसला होता, आणि लोकांना वाटलं, किती विनयशील माणूस!

श्रावणात नांद्यातला एक म्हातारा त्याच्याकडे उसण घेऊन आला नाही, म्हणून नथूनं सहज चौकशी केली. म्हातारा म्हणाला, "तुला आता कशाला तरास? कातकरवाडीत पायाळू पोर हाय बारकी. लई गुण हाय तिच्या पायाला."

नथू दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. वाटेत चार ठिकाणी बसला.

लिलाबाईच्या अंगणात एक ट्रॅक्टरवाला पालथा पडला होता. लिलाबाईनं पोरीला दोन्ही बगलांत धरून त्याच्या कमरेवर उभं केलं होतं. पोर खिदळत होती. किमया तिचं नाव. गोरटेली, काजळ लावलेली, पायांत काळा दोरा.

"हाण लाथ! हाण!" लिलाबाई म्हणत होती. "बघ नथूबाबा, तुझी गादी चालवतीया!"

मग तिनं पोरीला खाली ठेवलं आणि पोर आईकडे चालत गेली. दहा-बारा पावलं असतील. प्रत्येक पावलाला उजव्या अंगाला कलत, बदकासारखी झोकांड्या देत, पण मजेत. नथूनं ती पावलं पाहिली. अशी चाल त्यानं कधी बाहेरून पाहिली नव्हती. तो स्वतः तसाच चालायचा, एवढंच त्याला माहीत होतं.

"राणी," तो म्हणाला, "आगं पोर लंगडतीया."

"व्हय," राणी शांतपणे म्हणाली. "पायाळू हाय ना. तुमच्यासारखीच चालतीया."

या वेळी त्यानं कुणाचं ऐकलं नाही. तो मंगळ्यावर ओरडला, लिलाबाईच्या पाया पडला, ट्रॅक्टरवाल्याला हाकलून दिलं. लिलाबाई एवढी चकित झाली, की या वेळी तिनं वाट अडवली नाही. चौथ्या दिवशी ते सगळे पुण्याला मोठ्या दवाखान्यात होते. क्षितिजा भेटायला आली. एक्सरे तिनं उजेडाला धरून दोनदा पाहिला.

"आता पट्टे चालणार नाहीत," तिनं राणीला सांगितलं. "ऑपरेशन करावं लागेल. खुबा उघडायचा, हाड कापून गोळा आत बसवायचा. मग तीन महिने प्लास्टर. पुढं पुन्हाही लागेल कदाचित. पाय थोडा आखूड राहू शकतो."

"आन् तवा आणली असती तर?" राणीनं विचारलं.

क्षितिजानं नथूकडे पाहिलं. "तेव्हा सोपं होतं," ती एवढंच म्हणाली.

ऑपरेशन झालं. नथू अठरा दिवस तिथंच राहिला. त्याला दवाखान्यांच्या वाटा ठाऊक होत्या, कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो ते ठाऊक होतं. किमया शुद्धीवर आली ती किंचाळतच. छातीखालपासून दोन्ही घोट्यांपर्यंत पांढरं प्लास्टर, पाय फाकलेले, मध्ये एक आडवी दांडी. राणी तिला मांडीवर घ्यायला गेली तर घेता येईना, कुठून धरावं तेच कळेना. नथूनं दाखवलं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, असं. त्याच्या हातांत पोर शांत झाली. राणी ते बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नथूबद्दल जी माया दिसली, ती त्याला सहन होईना.

सुट्टी मिळाली त्या दिवशी जीप पायथ्यापर्यंत आली. पुढं पायवाट. पावसानं कारवी माणसाच्या उंचीची झाली होती, वाटेवर दोन्हीकडून झुकलेली. मंगळ्या सामान उतरवत होता. किमया नथूच्या हातांत होती. राणी तिला घ्यायला पुढं आली, तेव्हा तो म्हणाला, "थांब जरा. तुला एक सांगायचं हाय."

आणि त्यानं सांगितलं. बावीस पायऱ्या, मांडी घालता न येणं, टाके पडलेल्या बायांचं निमित्त, फाटकावर बसायची भीती, सगळं. "मशीन माझ्यापायी बंद झालं, राणी. माझ्या ह्या पायापायी. पोरी मारायचं त्यात काय बी नव्हतं. तू मला इचारलंस आन् मी कागदाचं नाव सांगितलं. मला लाज वाटली."

राणीनं ऐकून घेतलं. लांब कुठंतरी फार्महाऊसवर गवत कापायचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"त्या दिशी ह्ये बोलला असता ना मामा," ती शेवटी म्हणाली, "तर म्या आले असते. सासूला चोरून आले असते. ईज पडू दे न्हाईतर काय बी हू दे. म्या तारीख धरून बसले व्हते."

"व्हय."

"म्या एकदाच इचारलं तुमाला."

तिनं पुढं होऊन पोरीला त्याच्या हातांतून काढून घेतलं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, त्यानंच शिकवलं होतं तसं. किमया जायला तयार नव्हती, तिनं नथूच्या सदऱ्याची गुंडी मुठीत धरली होती. राणीनं एकेक बोट सोडवलं.

"मी येतो वरपतूर," नथू म्हणाला. "आळीपाळीनं धरू."

"नगं," राणी म्हणाली. "तुमच्यानं न्हाई चढवायचं."

रागानं बोलली असती तरी चाललं असतं. ती साधंच बोलली, खरं होतं म्हणून. मंगळ्यानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि ते निघाले. प्लास्टर एवढं रुंद, की वाटेत मावेना. कारवीत अडकायचं, पोर रडायची. मग राणी पुढं झाली. दोन्ही हातांनी झुडपं दाबून धरायची, मंगळ्या अंग तिरपं करून तिच्यामागून जायचा, ती सोडायची, पुन्हा चार पावलं पुढं होऊन धरायची. असंच ते वर वर जात राहिले. जीपवाल्यानं दोनदा विचारलं, निघायचं का म्हणून. नथू म्हणाला, थांब जरा. वळणापाशी वाट फारच अरुंद होती, तिथं एकट्या राणीला दोन्ही बाजू धरता येईनात. नथूला वाटलं, आपल्याला कुणी हाक मारील. तो एक पाऊल पुढं झाला. तेवढ्यात राणीनं एका बाजूला सगळं अंग टाकलं, दुसरी बाजू पायानं दाबली, आणि मंगळ्या पोरीला घेऊन पलीकडे निघून गेला.